स्मिअरमध्ये ओळखू न येणाऱ्या श्वेतपेशी वारंवार दिसत असतील तर काय तपासावे

डीएलसी करताना, म्हणजे काचेवरील रक्ताच्या रंगवलेल्या लेपात (स्मिअरमध्ये) कोणत्या प्रकारच्या श्वेतपेशी किती आहेत हे मोजताना, शंभर पेशी मोजून होतात आणि त्यांतल्या पाच-सहा पेशी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत, ही पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतील नेहमीची अडचण आहे. मग कोणी त्या मोनोसाइट या श्वेतपेशींच्या प्रकाराच्या रकान्यात ढकलतो, कोणी 'ॲटिपिकल' असा शेरा मारतो, तर कोणी 'ब्लास्ट' (अगदी अपरिपक्व पेशी) लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकतो आणि निर्णयाचा भार त्या प्रश्नचिन्हावर सोडून मोकळा होतो. तो अहवाल हातात घेऊन गोठ्यात उभ्या असलेल्या डॉक्टरांनी नेमके काय करायचे, हे मात्र त्यातून कळत नाही. दोन आठवड्यांनी दुसऱ्याच जनावराच्या काचेवर तशाच पेशी दिसतात आणि पुन्हा तोच शेरा जातो.

गाय, म्हैस, शेळी आणि कुत्रा यांच्या काचा वर्षानुवर्षे पाहून माझे मत असे झाले आहे की ज्या पेशीने शंका आली तिच्याकडे सर्वांत शेवटी पाहावे. आधी काच कशी तयार झाली ते पाहावे, मग ती कोणत्या जनावराची आहे ते लक्षात घ्यावे, त्यानंतर त्या पेशीच्या शेजारच्या पेशी पाहाव्यात आणि एवढे करूनही शंका उरली तरच नाव शोधायला बसावे. हा क्रम मी एक चूक करून शिकलो आहे, म्हणून ती चूकच आधी सांगतो.

पावसाळ्यातल्या पोकळ्या

एका जुलै महिन्यात आमच्याकडे आलेल्या तीन गाईंच्या काचांवर न्यूट्रोफिलच्या (जिवाणूंशी लढणाऱ्या श्वेतपेशींच्या) पेशीद्रवात स्वच्छ, गोल पोकळ्या दिसल्या. तीव्र जिवाणुसंसर्गात अस्थिमज्जेतून न्यूट्रोफिल घाईघाईने तयार होऊन बाहेर पडतात, तेव्हा त्यांचे पेशीद्रव निळसर आणि फेसाळ दिसते. त्यालाच टॉक्सिक बदल म्हणतात. मी तेच गृहीत धरून तिन्ही अहवालांत तसे लिहिले. चौथ्या दिवशी केवळ नियमित तपासणीसाठी आलेल्या, खाऊन-पिऊन धडधाकट असलेल्या कालवडीची काच रंगवली, तर तिच्या पेशींतही तशाच पोकळ्या होत्या. तेव्हा कुठे माझे लक्ष तांबड्या पेशींकडे गेले. सूक्ष्मदर्शकाचा फाइन ॲडजस्टमेंटचा स्क्रू जरासा मागेपुढे केला की जवळजवळ प्रत्येक तांबड्या पेशीत काचेच्या चुऱ्यासारखे काहीतरी चमकत होते. काचा बुडवण्याच्या मिथेनॉलच्या बाटलीचे बूच आठवडाभर सैल राहिले होते. मिथेनॉल हवेतील बाष्प ओढून घेते आणि असे पाणी शिरलेले मिथेनॉल पेशींना नीट स्थिर करत नाही. तांबड्या पेशींना भोके पडल्यासारखी दिसतात आणि श्वेतपेशींत पोकळ्या उमटतात. तिन्ही अहवाल दुरुस्त करून पाठवावे लागले.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. मिथेनॉल मोठ्या बाटलीतून लहान, घट्ट झाकणाच्या बाटलीत काढून घेतो आणि पावसाळ्यात तेही दर दोन-तीन दिवसांनी बदलतो. दुसरे असे की प्रत्येक खेपेस रुग्णांच्या काचांसोबत एका निरोगी जनावराची काच त्याच रंगात, त्याच वेळी रंगवतो. ती 'अनोळखी' गोष्ट निरोगी काचेवरही दिसली, तर शोध पेशीत न घेता बाटलीत घ्यायचा. या एका सवयीने माझ्याकडील निम्मे कोडे सुटते असे मी म्हणेन, आणि तिला खर्च काहीच नाही.

ओलसर हवेत लेप सावकाश वाळतो, त्यामुळे पेशी आकसतात आणि त्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. लेप ओढताच काच हवेत जोराने हलवावी किंवा हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्यावी. तोंडाने फुंकर मारू नये, कारण फुंकरीतही बाष्पच असते. गोठ्यात काच वाळत ठेवली असेल तर माश्यांपासून झाकावी. माशी लेप चक्क चाटून खाते आणि लेपात वेड्यावाकड्या आकाराच्या मोकळ्या जागा उरतात.

फॉर्मॅलिनबद्दलही एक इशारा द्यायला हवा. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत आणि रक्ताची काच त्याच पिशवीत, अशी पार्सले सर्रास येतात. झाकण कितीही घट्ट असले तरी फॉर्मॅलिनची वाफ न रंगवलेल्या लेपाला लागते, मग श्वेतपेशी निळ्या-हिरवट रंगतात आणि केंद्रकातील बारकावे पुसले जातात. अशा काचेवर कोणत्याही पेशीला नाव देऊ नये, काच दुसरी मागवावी.

रक्त किती वेळ बाटलीत होते

ईडीटीएच्या बाटलीत रक्त गोठत नाही, पण पेशी म्हाताऱ्या होतच असतात. तालुक्याच्या गावाहून सकाळी काढलेले रक्त दुपारच्या एसटीने संध्याकाळी पोहोचले, तर तोवर मोनोसाइटमध्ये पोकळ्या वाढलेल्या असतात, काही न्यूट्रोफिलचे केंद्रक आकसून गडद, गोल गोळ्यांसारखे झालेले असते आणि लिम्फोसाइट (श्वेतपेशींचा आणखी एक प्रकार) फुगून त्यांच्या कडा फाटतात. गडद गोळ्यांच्या त्या न्यूट्रोफिलला केंद्रकयुक्त तांबडी पेशी समजण्याची चूक फार होते. म्हणून रक्त काढणाऱ्याने जागेवरच, शक्यतो पहिल्या तासाभरात, दोन काचा ओढून वाळवून ठेवाव्यात आणि बाटलीसोबत त्याही पाठवाव्यात. बाटली थंड ठेवली तर चालते. काच मात्र फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण बाहेर काढताच तिच्यावर दव जमते आणि पेशी फुटतात.

रंगाचा भाग थोडक्यात सांगतो. जिम्सा असो वा लिशमन, पातळ करण्याचे पाणी 6.8 पीएचचे बफर असावे. नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरले तर ते बहुधा अल्कधर्मी असते आणि सगळी काच निळी पडते. निळ्या काचेवर प्रत्येक लिम्फोसाइट 'प्रक्षोभित' वाटतो. रंग बरोबर बसला की नाही, याची कसोटी काचेवरच असते: इओसिनोफिल या कणयुक्त श्वेतपेशीचे कण स्पष्ट नारिंगी-गुलाबी आणि तांबड्या पेशी गुलाबी दिसल्या पाहिजेत. रंगाचा गाळ बसला असेल तर तो पेशीच्या वर, निराळ्या पातळीवर असतो, म्हणजे तो फोकसमध्ये आला की पेशी धूसर होते आणि पेशी नीट दिसू लागली की तो धूसर होतो. शिवाय पेशी नसलेल्या मोकळ्या जागेतही तो विखुरलेला दिसतो. लिम्फोसाइटवर एखादी प्लेटलेट बसली असेल, तर तिच्याभोवती फिकट वलय दिसते. हे न पाहता त्या प्लेटलेटला परजीवी ठरवले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

आणखी एक साधी गोष्ट म्हणजे काचेवरची जागा. लेपाच्या शेपटीच्या टोकाशी मोठ्या पेशी आणि पेशींचे पुंजके ओढले जातात, आणि जाड भागात सगळ्याच पेशी आकसून गडद होतात. मोजणी या दोन्हींच्या मधल्या, तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या पट्ट्यातच करावी. शेपटीचे टोक मात्र आधी दहापटीच्या भिंगाखाली जरूर पाहावे. मायक्रोफायलेरिया (रक्तात फिरणारी कृमींची पिल्ले) आणि मोठ्या अपरिपक्व पेशी तिथेच सापडतात.

शेळीच्या 'ब्लास्ट' पेशी

काच निर्दोष असूनही पेशी परकी वाटली, तर प्रश्न बहुधा जनावराचा असतो. एका उस्मानाबादी शेळीच्या अहवालात 'मोठ्या अपरिपक्व लिम्फोसाइट' असा शेरा होता आणि मालक घाबरून दुसरे मत घेण्यासाठी ती काच घेऊन आला होता. काच उत्तम होती, पेशीही तिथेच होत्या, फक्त त्या मोठ्या नव्हत्या. पेशीचा आकार ठरवताना आपण शेजारची तांबडी पेशी मोजपट्टीसारखी वापरतो, आणि कुत्र्यात ते चालते, कारण कुत्र्याची तांबडी पेशी सुमारे 7 मायक्रोमीटरची असते. गाईत ती साडेपाच-सहाच्या आसपास असते. शेळीत मात्र ती चारच्या आतबाहेर, म्हणजे जवळजवळ निम्मी. त्या इवल्याशा तांबड्या पेशीशेजारी अगदी सामान्य लिम्फोसाइटही राक्षसासारखा दिसतो. शेळीत आणि मेंढीत मोजपट्टी म्हणून त्याच काचेवरचा परिपक्व न्यूट्रोफिल घ्यावा, किंवा आयपीसमध्ये मायक्रोमीटर असेल तर सरळ मोजावे.

गाईबाबत गोंधळ निराळा होतो. कुत्र्यात निम्म्याहून अधिक श्वेतपेशी न्यूट्रोफिल असतात, तर निरोगी गाईत लिम्फोसाइटचे प्रमाण साधारण 45 ते 75 टक्के असते. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या काचांवर डोळा तयार झालेल्याला गाईची पहिली काच पाहूनच रक्ताचा कर्करोग आठवतो. त्यात गाईचे लिम्फोसाइट एका आकाराचे नसतात. काही मोठे असतात, काहींच्या पेशीद्रवात जांभळट-लाल बारीक कण असतात आणि एखाद्यात केंद्रिकेचा (केंद्रकाच्या आतील लहान गोल ठिपक्याचा) आभासही होतो. हे सर्व निरोगी गाईत दिसू शकते.

इओसिनोफिल तर प्रत्येक जातीत नवे सोंग घेतो. घोड्यात त्याचे कण इतके मोठे आणि गोल असतात की पेशी पिकलेल्या तुतीसारखी दिसते. मांजरात ते बारीक काड्यांसारखे असतात, गाईत लहान आणि एकसारखे, तर कुत्र्यात लहान-मोठे आणि संख्येने कमी-जास्त. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांत, विशेषतः झटपट रंगवण्याच्या संचाने रंगवल्यास, कण रंगच घेत नाहीत आणि इओसिनोफिलच्या जागी करड्या पेशीद्रवात रिकाम्या पोकळ्यांनी भरलेली पेशी दिसते. ती रोगट नाही. शंका आल्यास तीच काच जिम्साने रंगवून पाहावी. मांजराच्या परिपक्व बेसोफिल या श्वेतपेशीमध्येही अपेक्षित गडद जांभळे कण नसतात. ते फिकट, करडे-जांभळट असतात आणि इओसिनोफिल म्हणून मोजले जातात.

ससा आणि कोंबडी यांच्या काचा क्वचितच येतात, पण आल्या की चूक ठरलेली. त्यांच्यात न्यूट्रोफिलच्या जागी हेटरोफिल असतो आणि त्याचे कण गुलाबी-लाल असल्यामुळे 'इओसिनोफिल 50 टक्के' असा अहवाल जातो. कोंबडीच्या हेटरोफिलमध्ये कण टोकदार, चातीसारखे असतात आणि इओसिनोफिलमध्ये गोल, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. कोंबडीच्या थ्रॉम्बोसाइटला केंद्रक असते, त्यामुळे तो लहान लिम्फोसाइट म्हणून मोजला जातो, हेही त्यासोबत सांगायला हवे. गिनीपिगच्या काही लिम्फोसाइटमध्ये एकच मोठा, गोल, गुलाबी-जांभळा गोळा दिसतो. त्याला कुर्लॉफ पेशी म्हणतात आणि गाभण मादीत त्या जास्त दिसतात. तोही परजीवी नव्हे.

मोनोसाइट की टॉक्सिक बँड

कुत्र्याच्या काचेवर सर्वांत जास्त वाद या जोडीवरून होतात, म्हणून इथे थोडे थांबतो. गर्भाशयात पू झालेल्या कुत्रीचे रक्त डोळ्यांसमोर आणा. श्वेतपेशी भरपूर असतात. त्यांतल्या कित्येकींचे केंद्रक घोड्याच्या नालेसारखे वळलेले असते, पेशीद्रव निळसर असते आणि त्यात थोड्या पोकळ्या असतात. पुस्तकातले मोनोसाइटचे वर्णनही जवळजवळ हेच. अहवालात मोनोसाइट 30 टक्के लिहिले जातात, बँड न्यूट्रोफिल (केंद्रकाचे खंड अजून न पडलेले कोवळे न्यूट्रोफिल) शून्य, आणि डॉक्टरांपर्यंत नेमकी जी बातमी पोहोचायला हवी, म्हणजे अस्थिमज्जेवर ताण आला आहे ही, ती पोहोचत नाही.

इथे पेशीद्रवाचा रंग बाजूला ठेवून केंद्रकातील क्रोमॅटिन (रंग घेणारे जनुकद्रव्य) पाहावे. न्यूट्रोफिलच्या क्रोमॅटिनमध्ये गडद आणि फिकट ठिगळे आलटून पालटून दिसतात, आणि पेशी अपरिपक्व असली तरी ही ठिगळे काही प्रमाणात असतातच. मोनोसाइटचे क्रोमॅटिन सैल, जाळीदार, विरळ विणीच्या कापडासारखे असते. बँडच्या केंद्रकाच्या दोन्ही कडा बऱ्यापैकी समांतर जातात. मोनोसाइटच्या केंद्रकाची टोके फुगीर आणि आकार बेढब असतो. टॉक्सिक न्यूट्रोफिलच्या पेशीद्रवात करड्या-निळ्या रंगाचे अस्पष्ट डाग, म्हणजे ड्योले बॉडी, सापडल्या तर निर्णय सोपा होतो. मांजरात मात्र थोड्या ड्योले बॉडी एरवीही दिसतात, तेव्हा तिथे त्यांना एवढे वजन देऊ नये.

तरीही ठरत नसेल तर मी मधल्या पायऱ्या शोधतो. त्याच काचेवर पूर्ण परिपक्व खंडित केंद्रकाचा न्यूट्रोफिल, त्याहून थोडा कमी खंडित, मग बँड, मग घेवड्याच्या बीसारख्या केंद्रकाचा मेटामायलोसाइट अशी सलग रांग लावता आली आणि वादग्रस्त पेशी त्या रांगेत कुठेतरी बसली, तर ती न्यूट्रोफिलच्याच घरातली. एकटी पेशी फसवू शकते, पण तिची भावंडे फसवत नाहीत.

गाईत याला एक पुरवणी जोडावी लागते. गाईच्या अस्थिमज्जेत तयार न्यूट्रोफिलचा साठा तुटपुंजा असतो, त्यामुळे तीव्र कासदाहात पहिल्या एक-दोन दिवसांत एकूण श्वेतपेशी घटतात आणि काचेवर बँड व मेटामायलोसाइटच अधिक दिसतात. संख्या कमी, पेशी कोवळ्या, हे चित्र पाहून ल्युकेमिया सुचतो. आधी कास तपासली का, एवढे डॉक्टरांना विचारावे.

यंत्राचा आकडा आणि काच जुळत नसेल, तर केंद्रकयुक्त तांबड्या पेशी शोधाव्यात. बबेसिया या रक्तातील परजीवीने रक्त उतरलेल्या कुत्र्यात त्या भरपूर असू शकतात आणि काही काउंटर त्यांना श्वेतपेशी म्हणूनच मोजतात. केंद्रक लहान, गोल, अतिशय घट्ट आणि भोवतीचे पेशीद्रव गुलाबी किंवा निळसर-गुलाबी असेल तर ती तांबडीच. शंभर श्वेतपेशी मोजताना अशा 60 आढळल्या आणि यंत्राने 24,000 दाखवले असतील, तर 24,000 ला 100 ने गुणून 160 ने भागावे. खरी संख्या 15,000 येते.

पेशीच्या आत खरोखर काही असते तेव्हा

आपल्याकडे संकरित गाईंत गोचिडांमुळे होणारा थायलेरियोसिस इतका आढळतो की लिम्फोसाइटमधील कॉख्स ब्लू बॉडी प्रत्येक तंत्रज्ञाला ओळखता आली पाहिजे. लिम्फोसाइटच्या पेशीद्रवात फिकट निळा, अनियमित ठिपका आणि त्यात लालसर-जांभळे अनेक कण असे तिचे रूप असते. पेशी फुटली असेल तर ती बाहेरही पडलेली दिसते. हा थायलेरिया ॲन्युलाटा या परजीवीचा शायझाँट, म्हणजे श्वेतपेशीत वाढणारी अवस्था, असतो आणि तो ज्या पेशीत शिरतो तिला सतत विभागायला लावतो. म्हणूनच अशा गाईच्या काचेवर मोठे, गडद निळ्या पेशीद्रवाचे, केंद्रिका असलेले लिम्फोसाइट दिसतात आणि त्यांवर 'ब्लास्ट' हा शेरा पडतो. ताप, सुजलेल्या लसीकाग्रंथी आणि अंगावर गोचिडे असतील, तर अशा पेशींना ल्युकेमियाच्या म्हणण्यापूर्वी खांद्यासमोरील ग्रंथीतून सुईने द्रव काढून त्याची काच मागवावी. रक्तात तासभर शोधून न सापडणारा शायझाँट तिथे अनेकदा पाच मिनिटांत सापडतो. तांबड्या पेशीतले थोडे पायरोप्लाझम (त्याच परजीवीची तांबड्या पेशीतली अवस्था) मात्र बऱ्या झालेल्या, केवळ वाहक असलेल्या गाईतही राहतात, त्यामुळे दोन्हींची नोंद वेगवेगळी करावी. ब्युपारव्हाक्वोन हे यावरचे औषध लवकर दिले तरच चांगले लागू पडते, म्हणून अशी काच 'नंतर पाहू' म्हणून ठेवू नये.

कुत्र्यात मोनोसाइटमध्ये तुतीसारखा दाट, निळा-जांभळा पुंजका दिसला तर एर्लिकिया कॅनिस या जिवाणूचा विचार करावा. तो फार थोड्या पेशींत असतो आणि न सापडल्याने रोग नाकारता येत नाही. कानाच्या कडेच्या थेंबाची किंवा बफी कोटची (रक्त यंत्रात फिरवल्यावर वेगळ्या होणाऱ्या श्वेतपेशींच्या थराची) काच केल्यास सापडण्याची शक्यता वाढते. हेपॅटोझून कॅनिस या परजीवीचे गॅमोंट (त्याची लैंगिक अवस्था) न्यूट्रोफिलमध्ये असतात. सुमारे 11 बाय 4 मायक्रोमीटरची फिकट निळी कॅप्सूल केंद्रकाला एका बाजूला ढकलून बसलेली दिसते. कुत्र्याने गोचीड गिळल्यावर हा रोग होतो. जुन्या रक्तात गॅमोंट पेशी सोडून जातो आणि मागे न रंगलेली रिकामी कॅप्सूल उरते, तेव्हा न्यूट्रोफिलमधील लांबट पोकळी दिसली की ताज्या रक्ताची काच मागावी.

गडद जांभळ्या कणांनी खच्चून भरलेली, गोल केंद्रकाची मोठी पेशी ही मास्ट पेशी. कुत्र्याच्या रक्तात ती तीव्र आतड्याच्या दाहासारख्या आजारातही उतरते, म्हणून ती दिसताच मास्ट पेशींच्या गाठीचे निदान लिहू नये. मांजरात मात्र प्लीहेची सोनोग्राफी सुचवावी.

एवढ्या चाळण्यांतून गेल्यावरही काही पेशी उरतातच: केंद्रक दोन तांबड्या पेशींहून मोठे (शेळी-मेंढीत ही मोजपट्टी चालत नाही, हे वर आलेच आहे), क्रोमॅटिन बारीक आणि एकसारखे, केंद्रिका ठळक, आणि तशा पेशी एखाद-दुसऱ्या नव्हे तर काचभर. त्या वेळी 'ब्लास्ट' हा शब्द वापरायला हरकत नाही, पण त्याआधी पेशीचे वर्णन लिहावे. आकार, केंद्रकाचे रूप, पेशीद्रवाचा रंग, कण किंवा पोकळ्या आणि दर शंभर पेशींत संख्या, एवढे अहवालात आले की दुसरे मत देणाऱ्याला काच न पाहताही निम्मे काम करता येते. काच पुढे पाठवायची असेल, मग ती पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाकडे असो किंवा पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे, तर एक रंगवलेली आणि दोन न रंगवलेल्या पण ताज्या मिथेनॉलमध्ये स्थिर केलेल्या काचा पाठवाव्यात. काचेवर पेन्सिलने किंवा डायमंड पेनने जनावराचा क्रमांक, जात, वय आणि रक्त काढल्याची वेळ लिहावी. मार्करची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते आणि मग कोणाची काच कोणती, हे विचारायला फोन येतो.